यात्रेकरूंच्या आगबोटी आणि पटकी : मुंबई–जेद्दा जलमार्गाचा एक अभ्यास (१८६५–१८९७)

(१)

समुद्रप्रवासात पोटाच्या विकारांची साथ उद्भवणे ही जुनी गोष्ट आहे. पर्यटनासाठी फिरणाऱ्या आलिशान जहाजांवर शेकडो उतारू एकाच वेळी वांती व अतिसार यांनी आजारी पडल्याच्या वार्ता आज वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा वाचकांस तिचे नवल वाटते. परंतु मुंबई बंदराच्या इतिहासाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या वार्तेत एका जुन्या व फार दुःखद प्रकरणाचा पडसाद ऐकू येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून जेद्दास जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या आगबोटी व त्यांवरील पटकीची साथ हे ते प्रकरण होय. त्याने युरोपातील राष्ट्रांच्या अनेक परिषदा गाजविल्या, हिंदुस्थान सरकारास वारंवार कायदे करावयास लावले, आणि तांबड्या समुद्रातील एका उजाड बेटावर हजारो निरोगी माणसांना दिवसेंदिवस अडकवून ठेवले.

पुणे समुद्रापासून दूर असले तरी या इतिहासाशी त्याचा संबंध नाही असे नाही. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पुरा झाला. १८७१ साली तो रायचूरपर्यंत गेला आणि १८७४ साली वाडीहून हैदराबादकडे फाटा निघाला. त्यानंतर दक्षिणेतील व निजामाच्या राज्यातील यात्रेकरू पुण्यावरूनच मुंबईस उतरू लागले. म्हणजे ज्यांना पुढे आगबोटीचे उतारू म्हणून आपण पाहणार आहो, त्यांपैकी पुष्कळांच्या प्रवासाचा एक मुक्काम आपल्याच स्थानकावर घडत असे.

प्रस्तुत लेखात एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आगबोटीवर पटकी पसरली तर तिचे कारण कोठे शोधावयाचे? बोटीत चढलेल्या माणसांत, की माणसांना ज्या रीतीने बोटीत भरले होते तीत? त्या काळच्या राज्यकर्त्यांनी व मुत्सद्द्यांनी बहुधा पहिले उत्तर पसंत केले. ते उत्तर अपुरे होते हे दाखविणे, आणि त्या अपुरेपणाची किंमत कोणी भरली हे पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

(२)

या विकाराच्या नावापासून आरंभ करणे सोयीचे होईल. ग्रॅण्ट रोडवरील एखाद्या वृद्ध गृहिणीच्या तोंडी आजही 'मोडशी' हा शब्द येतो. त्याचा अर्थ अपचन, फार तर अपचनाने होणारी हगवण असा सौम्य झाला आहे. परंतु सोळाव्या शतकात हा शब्द भीषण होता. १५४३ साली गोव्यात उद्भवलेल्या एका साथीचे वर्णन गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज इतिहासकाराने केले आहे, व तीस लोक 'मोर्शी' म्हणत असे तो सांगतो. पुढे १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता याने याच विकाराची लक्षणे वैद्याच्या दृष्टीने नोंदविली. हा ओर्ता मुंबई बेटाचा पट्टेदारही होता. पोर्तुगीजांच्या तोंडी शब्दाचे 'मोर्देशी' झाले, आणि फ्रेंचांनी त्याचे 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे कानाला जुळणारे रूपांतर केले. 'मोडणे' या मराठी–कोंकणी धातूपासून निघालेला, शरीर मोडून पडण्याची अवस्था सांगणारा एक साधा शब्द जहाजांबरोबर युरोपात गेला आणि तेथे भलत्याच अर्थाने रुजला.

या शब्दाच्या प्रवासात पुढील इतिहासाचे बीज दिसते. रोगाचे नाव पूर्वेचे, म्हणून रोगही पूर्वेचा. आणि रोग पूर्वेचा, म्हणून पूर्वेकडील माणूस हाच त्याचा वाहक, ही विचारपरंपरा एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. आपल्याकडे मात्र पटकी, जरीमरी, मरीआई ही नावे विशिष्ट जनसमूहास चिकटविलेली नव्हती. मरीआईचा कोप गावावर होई. गावाने तो मिळून शमवावयाचा असे. ही समजूत वैज्ञानिक नव्हे हे उघड आहे. तथापि गावाच्या संकटाचा दोष गावाबाहेरून आलेल्या वाटसरूवर टाकून मोकळे होण्याची सोय तीत तुलनेने कमी होती.

(३)

१८१७ साली बंगालमधील जेसोर येथे उग्र रूपाने प्रकटलेली पटकी दुसऱ्याच वर्षी दक्षिणेत आली. १८१८ च्या जून महिन्यात दुसरा बाजीराव इंग्रजांस शरण गेला, आणि त्याच पावसाळ्यात पंढरपूर, पुणे व घाटाखालचा प्रदेश पटकीने व्यापला. ऑगस्टमध्ये ती मुंबईत शिरली. पुण्याकडून मुंबईस जाणारी त्या वेळची रहदारी पनवेलच्या बंदरातून होई, आणि रोग याच वाटेने आल्याचे मुंबईच्या वैद्यक मंडळाने त्याच काळात नोंदविले होते. फौजा, बैलांचे तांडे, यात्रेकरू व व्यापारी ज्या रस्त्याने चालत, त्याच रस्त्याने रोग चालतो, ही गोष्ट त्या अहवालाच्या कर्त्यांच्या ध्यानात आली होती.

मुंबईहून पुढची वाट समुद्राची होती. १८२१ साली पटकी मस्कतला व तेथून इराणच्या आखातातील बंदरांत पोहोचली. त्यापूर्वीच, १८१९ साली, 'टोपाझ' या इंग्रजी लढाऊ जहाजाच्या आगमनानंतर मॉरिशस बेटावर तिचा उद्रेक झाला होता. मराठी वाचकास मॉरिशसचे नाव परके नाही. १८३४ नंतर मुंबई बंदरातून तेथे गेलेल्या करारबद्ध मजुरांत कोंकण व देशावरील मराठी कुटुंबे होती व त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवितात. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून तेथे गेलेल्या दोन जहाजांवरील मजुरांना पटकीच्या भीतीने गॅब्रिएल या लहानशा बेटावर उतरविण्यात आले. तेथे पुरेसा निवारा नव्हता, उपचारांची सोय नव्हती, आणि त्यांतील दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. यानंतर हिंदुस्थान सरकारने मॉरिशसकडील मजुरांची निर्गत काही काळ बंद ठेवली.

या घटनेचा येथे उल्लेख करण्याचे कारण आहे. मजुरांच्या जहाजांवर वैद्यकीय अधीक्षक नेमण्याची पद्धती रूढ झाली, कारण प्रत्येक मजूर हा मळेवाल्यांनी पैसे मोजून मागविलेला होता. त्याच्या मृत्यूने कोणाचे तरी नुकसान होत असे. हजचा यात्रेकरू स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या श्रद्धेने निघालेला असे. त्याच्या जिवाची किंमत मोजणारा असा कोणी मालक नव्हता.

(४)

हजच्या यात्रेत पटकीचा पहिला मोठा उद्रेक १८३१ साली झाला. परंतु ज्या वर्षाने युरोपास खडबडून जागे केले ते १८६५. त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी हजचा विधी झाला व त्याच वेळी मक्केत पटकीने हजारो यात्रेकरू दगावले. परतणारे यात्रेकरू मे महिन्यातच जेद्दाहून आगबोटीने सुएझला आणि तेथून आगगाडीने अलेक्झांड्रियास आले. जूनमध्ये अलेक्झांड्रिया, त्यानंतर भूमध्य समुद्रावरील बंदरे, आणि पुढे युरोप व अमेरिका, असा रोगाचा प्रसार काही महिन्यांतच झाला. पूर्वी पटकीला युरोप गाठावयास वर्षे लागली होती. ही गती वाफेची होती.

आगबोटीने घडविलेल्या या बदलाचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. पटकीच्या जंतूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून काही तासांत, फार तर पाच दिवसांत, लक्षणे दिसू लागतात. शिडाच्या जहाजाला मुंबईहून जेद्दास जाण्यास अनेक आठवडे लागत. रोग असला तर तो वाटेतच भडकून बहुधा वाटेतच विझे. आगबोट हेच अंतर सुमारे दहा–बारा दिवसांत काटू लागली. या अवधीत एकाकडून दुसऱ्याकडे व दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाण्यास रोगास पुरेसा वेळ मिळे, परंतु विझून जाण्यास पुरेसा वेळ मिळत नसे. शिवाय आगबोट शिडाच्या जहाजाहून कितीतरी अधिक माणसे नेई. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर हा मार्ग युरोपच्या दारापर्यंतच भिडला.

फ्रान्सच्या पुढाकाराने फेब्रुवारी १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचे मूळ स्थान हिंदुस्थान आहे, ती माणसांच्या येण्याजाण्याने पसरते, आणि हजची यात्रा हे तिच्या प्रसाराचे एक प्रमुख साधन आहे, असे निष्कर्ष तेथे निघाले. पहिले दोन निष्कर्ष पुढील संशोधनाने बहुतांशी खरे ठरले. तिसरा खोटा नव्हता. परंतु त्याचा जो उपयोग करण्यात आला तो एकांगी होता. यात्रेकरू हा जणू स्वभावतःच रोगट प्राणी, अशी प्रतिमा त्यातून तयार झाली. ती केवळ मुसलमान यात्रेकरूंपुरती नव्हती. सर विल्यम हंटर याने १८७२ साली ओरिसावरील ग्रंथात जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंविषयी अशीच भीती व्यक्त केली. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांकडे पाहणारी सरकारी दृष्टीही फारशी निराळी नव्हती.

(५)

आता प्रत्यक्ष आगबोटीवर जाऊ. यात्रेकरूंपैकी बहुतेक जण डेकवरचे किंवा डेकखालच्या मजल्यावरचे उतारू असत. मालवाहू बोटीच त्या हंगामात माणसे वाहून नेत. बिछाना, भांडीकुंडी, शिधा, जळण हे सर्व उतारूने स्वतः आणावयाचे, आणि मिळालेल्या जागेत मांडावयाचे. स्वयंपाक तेथेच, निजणे तेथेच, आणि आजारी पडल्यास लोळणेही तेथेच. हजचा काळ चांद्र पंचांगाप्रमाणे ठरत असल्यामुळे तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. ज्या वर्षी जाण्याचा किंवा परतण्याचा प्रवास पावसाळ्यात येई, त्या वर्षी अरबी समुद्र खवळलेला असे, डेकवरील झाकणे बंद ठेवावी लागत, आणि खालच्या मजल्यावरील हवा असह्य होई. १८९३ साली हज जूनच्या अखेरीस झाला. म्हणजे परतीच्या बोटी ऐन पावसाळ्यात मुंबईकडे निघाल्या. त्याच वर्षी मक्केत पटकीचा अतिशय भयंकर उद्रेक झाला होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

या व्यवस्थेची परीक्षा तीन गोष्टींवरून करता येते : जागा, पाणी व शौचकूप.

जागेसंबंधी हिंदुस्थानी कायद्याचे प्रमाण दर माणशी ९ चौरस फूट होते. सहा फूट लांब व दीड फूट रुंद, म्हणजे माणूस उताणा निजला असता त्याच्या खांद्यांना जेमतेम पुरेल इतकी पट्टी. सामानसुमान याच पट्टीत. १८९४ च्या पॅरिस परिषदेने २१ चौरस फुटांचा आग्रह धरला. हिंदुस्थान सरकारने त्यास विरोध केला, व काही वर्षांनी १६ चौरस फुटांवर तडजोड झाली.

पाण्यासंबंधी १९०३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने दर यात्रेकरूस रोज किमान ५ लिटर पिण्याचे पाणी विनामूल्य द्यावे असे ठरविले. असा नियम करावा लागला यातच पूर्वीच्या स्थितीचे वर्णन आले. पटकीच्या तीव्र आजारात रोग्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते, हे आज आपणांस ठाऊक आहे. त्या हिशेबाने कायद्याने दिलेले दिवसाचे पाणी रोग्यास जेमतेम पाच तास पुरणारे होते. आणि टाकीत एकदा दूषित पाणी शिरले, किंवा रोग्याची सेवा करणाऱ्या हाताने टाकीत भांडे बुडविले, की तेच पाणी सर्व बोटीचे संकट होई.

शौचकूपांचे प्रमाण त्याच कराराने शंभर माणसांस किमान एक असे ठरविले. हजार यात्रेकरूंच्या बोटीवर दहा. पटकी व आमांश यांचे रोगी ज्या बोटीवर असतील, तेथे दहा शौचकूपांपुढे काय अवस्था होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. ज्यांना उठवत नसे त्यांचा मळ व वांती निजल्या जागी होई, आणि दीड फुटांच्या अंतरावर दुसरा माणूस निजलेला असे.

या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे एक निष्कर्ष टळत नाही. अशा बोटीवर रोगाचा एक जंतुवाहक चढला तरी साथ पसरावयास यात्रेकरूंची 'अस्वच्छ राहणी' हे कारण शोधण्याची गरज उरत नाही. ज्यास हात धुण्यास पाणी नाही, त्याने हात धुतले नाहीत ही त्याची सवय नव्हे.

(६)

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशी उतारूंच्या जहाजांविषयी १८५८, १८७०, १८७६ व १८८७ साली कायदे झाले, आणि १८९५ साली खास यात्रेकरूंच्या जहाजांचा कायदा झाला. बोटीवर वैद्य नेमणे, उतारूंची मोजणी, पाण्याची तपासणी इत्यादी तरतुदी त्यांत क्रमाक्रमाने आल्या. मुंबईत यात्रेकरूंचा संरक्षक म्हणून अधिकारी नेमला गेला. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने यात्रेची व्यवस्था टॉमस कुक आणि कंपनीकडे सोपविली. युरोपातील हौशी प्रवाशांसाठी सहली काढून नावारूपास आलेली हीच संस्था. आपल्या गावच्या स्थानकापासून जेद्दापर्यंतचे तिकीट एकत्र मिळावे, दलालांची लूट थांबावी, असा त्यामागील विचार होता. १८९३ साली हा प्रयोग संपुष्टात आला.

तरीही कायद्यांची संख्या वाढूनही बोटीवरील स्थिती मंदगतीनेच का सुधारली? या ठिकाणी सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. ९ फुटांऐवजी २१ फूट जागा दिली तर हजार माणसांच्या बोटीत चारशे तीसही मावणार नाहीत, भाडे दुपटीहून अधिक होईल, आणि गरीब मुसलमानास यात्रा अशक्य होईल, असा सरकारचा युक्तिवाद होता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात हात न घालण्याचे वचन दिले होते, व सत्तावनच्या आठवणी ताज्या होत्या. युक्तिवाद पोकळ नव्हता. परंतु जागा वाढवून भाडे आवाक्यात ठेवण्याचा, म्हणजे फरक सरकारने किंवा जहाजमालकाने सोसण्याचा, तिसरा मार्ग विचारात घेतला गेला नाही. यात्रेकरूच्या धर्मस्वातंत्र्याचा कैवार घेताना त्याच्या वाट्याची दीड फुटांची पट्टी मात्र तशीच राहिली.

शास्त्रीय मतभेदांचाही या दिरंगाईस हातभार लागला. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने दूषित पाण्याचा संबंध दाखविला होता. असे असता हिंदुस्थान सरकारचे आरोग्याधिकारी डॉ. जे. एम. कनिंगहॅम हे पटकी माणसाकडून माणसाकडे जाते हे मानावयास तयार नव्हते. स्थानिक हवा व जमीन यांतच ते कारण शोधीत. १८८३ च्या जूनमध्ये इजिप्तमधील दमिएत्ता येथे साथ सुरू झाली, तेव्हा ती मुंबईहून आली असा आरोप युरोपात झाला. ब्रिटिश सरकारने तपासासाठी पाठविलेले डॉ. विल्यम गायर हंटर हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे माजी प्राचार्य. त्यांनी साथ स्थानिकच असल्याचा निर्वाळा दिला. याच साथीच्या तपासासाठी आलेला रॉबर्ट कॉख पुढे कलकत्त्यास गेला व १८८४ साली त्याने पटकीचा जंतू निश्चित केला. क्वारंटीन टळले तर व्यापाराचा लाभ होई. म्हणून क्वारंटीन अनावश्यक ठरविणारे शास्त्रमत सरकारला प्रिय वाटले, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते. उलट युरोपातील राष्ट्रांना हिंदी यात्रेकरू अडविण्यात काहीच तोशीस नव्हती. म्हणून त्यांना कडक शास्त्रमत प्रिय होते.

(७)

या दोन मतांच्या ओढाताणीत सापडलेले स्थान म्हणजे कामारान. येमेनच्या किनाऱ्याजवळील या उष्ण व वृक्षहीन बेटावर १८८२ पासून तुर्की सत्तेखाली क्वारंटीनचे ठाणे चालू झाले. हिंदुस्थानाकडून येणाऱ्या यात्रेकरूंना येथे उतरवून झोपड्यांत ठेवीत. मुदत साधारणतः दहा दिवसांची. तेवढ्यात कोणी आजारी पडला तर ती वाढे. आगबोटीवर जितके दिवस काढले जवळजवळ तितकेच पुन्हा येथे. पाणी, निवारा व अन्न यांविषयीच्या तक्रारी ठाण्याच्या आरंभापासून ऐकू येऊ लागल्या. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की या अटकावाचे शुल्क यात्रेकरूंकडूनच वसूल होई. बोटीवरील गर्दीचा नफा जहाजमालकास, क्वारंटीनचे संरक्षण युरोपास, आणि दोहोंचा खर्च यात्रेकरूस, अशी ही वाटणी होती.

या काळातील एका हिंदी वैद्याचे स्मरण येथे केले पाहिजे. डॉ. अब्दुर रझाक यांना १८७८ साली सरकारने यात्रेकरूंबरोबर मक्केस पाठविले, आणि १८८२ पासून ते जेद्दास उपवकील म्हणून राहिले. यात्रेकरूंच्या बोटी, कामारानचे ठाणे व हिजाजमधील स्थिती यांविषयीचे त्यांचे अहवाल हा या विषयाचा फार महत्त्वाचा आधार आहे. यात्रेकरू हा रोगाचा उगम न मानता संकटात सापडलेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहणारे जे थोडे अधिकारी त्या काळी होते, त्यांत त्यांची गणना होते. १८९५ च्या मे महिन्यात जेद्दाबाहेर बेदुइनांच्या हल्ल्यात ते मारले गेले. मक्केतील निर्जंतुकीकरणाच्या यंत्रणेविरुद्ध त्याच सुमारास क्षोभ उसळला होता. ज्यांच्या हितासाठी व्यवस्था करावयाची त्यांना विश्वासात न घेता ती लादली म्हणजे तिचा रोष प्रामाणिक माणसावरही कसा कोसळतो, याचे प्रत्यंतर पुण्यास दोनच वर्षांनी आले. १८९७ च्या प्लेगात घरझडत्यांनी जो प्रक्षोभ माजविला तो सुविदित आहे. त्याच वर्षी प्लेगमुळे मुंबईहून निघणारी हजची यात्राही सरकारने बंद ठेवली, आणि आपल्या अभ्यासाच्या कालखंडाची सीमा येथे येते.

(८)

पुढील वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. कामारान १९१५ साली ब्रिटिशांच्या ताब्यात गेले व तेथील सोयी सुधारल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास ते ठाणे बंद झाले. सिनाईच्या किनाऱ्यावरील एल तोर हे परतीच्या यात्रेकरूंचे ठाणे वैद्यकात अजरामर झाले. १९०५ साली तेथे पटकीची लक्षणे नसलेल्या मृत यात्रेकरूंच्या शरीरात जो जंतू मिळाला, त्याला 'एल तोर' हेच नाव पडले; आणि १९६१ साली इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरून सुरू झालेली पटकीची सातवी जागतिक साथ याच जंतूची होती. मुंबई–जेद्दा आगबोटीचा प्रवास पुढे पुष्कळ सुधारला व १९९५ साली तो बंदही झाला. आता यात्रेकरू विमानाने जातात.

परंतु जहाज आणि पोटाची साथ यांचे नाते संपले नाही. १९६८ साली अमेरिकेतील नॉरवॉक या गावच्या शाळेत वांती व अतिसाराची साथ आली, आणि १९७२ साली तिचे कारण असलेला विषाणू ओळखला गेला. आज त्यास नोरोव्हायरस म्हणतात. पर्यटनाच्या जहाजांवरील बहुतेक साथी त्याच्याच असतात. शंभराहून कमी विषाणूकण रोग होण्यास पुरतात. मद्यार्कयुक्त द्रवाने हात पुसून त्याचा बंदोबस्त होत नाही, साबण व पाणीच लागते. या जहाजांवरील उतारू श्रीमंत असतात. त्यांना स्वतंत्र खोली, स्वच्छ शौचकूप व वाटेल तितके पाणी असते. तरीही जिन्याच्या कठड्याला, भोजनगृहातील सामाईक डावांना सर्वांचे हात लागतात, एका सफरीचे उतारू उतरतात त्याच दिवशी दुसऱ्या सफरीचे चढतात, आणि रोग पसरतो. शंभर वर्षांपूर्वी जो दोष यात्रेकरूच्या गरिबीवर, धर्मावर व देशावर टाकला होता, तो त्यांपैकी कशाचाच नव्हता, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. अनेक माणसांना एका मर्यादित जागेत एकत्र जेवावयास व राहावयास लावणे हेच येथे मूळ कारण आहे. गरिबीने त्यात मृत्यूची भर घातली.

दोन काळांतील एक फरक मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेच्या बंदरांकडे जाणाऱ्या जहाजावर उतारूंपैकी किंवा खलाशांपैकी शेकडा तीन माणसे आजारी पडली, तर तेथील आरोग्य खाते ती घटना जाहीर करते आणि जहाजाचे नाव प्रसिद्ध करते. उतारू कोणत्या जातीचे वा धर्माचे होते हे कोणी विचारीत नाही. पाणी कोठून भरले, अन्न कोणी हाताळले, स्वच्छता कशी केली, हे विचारले जाते. एकोणिसाव्या शतकातील परिषदांच्या वृत्तान्तांत नेमके उलट आढळते : तेथे यात्रेकरू हा आरोपी म्हणून पानोपानी उभा आहे, जहाजे व जहाजमालक मात्र क्वचितच.

(९)

हा विषय केवळ गतकाळाचा नाही. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पर्यटनाची जहाजे सुटतात, आणि समुद्र न पाहिलेल्या गावांनाही तोच प्रश्न भेडसावतो. १९५२ साली स्थापन झालेली व आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था पुण्यातच आहे. १९७८ पासून ती या नावाने चालते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ–बारे या मज्जाविकाराचे अनेक रोगी आढळले. तेव्हा रोग्यांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू व नोरोव्हायरस मिळाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले, आणि सर्वांचे लक्ष त्या भागाच्या पाणीपुरवठ्याकडे वळले. लक्ष पाण्याकडे वळले, ही योग्य दिशा होती. १८१८ साली पुण्याहून पनवेलकडे निघालेल्या रोगाची वाट शोधणाऱ्यांना ही दिशा ठाऊक नव्हती. १८६६ च्या परिषदेतील मुत्सद्द्यांना ती कळावयास हरकत नव्हती, कारण स्नोचे संशोधन तेव्हा बारा वर्षांचे झाले होते.

या विवेचनावरून जे निष्कर्ष निघतात ते असे. मुंबई–जेद्दा मार्गावरील पटकी आगबोटीच्या वेगामुळे दूर गेली, परंतु ती बोटीवर पसरली ती जागा, पाणी व शौचकूप यांच्या तुटवड्यामुळे. युरोपातील राष्ट्रे व हिंदुस्थान सरकार यांच्यात तीव्र मतभेद होते. तथापि खर्चाचा भार यात्रेकरूवर ठेवण्याविषयी त्यांच्यात व्यवहारतः एकमत होते. आणि साथीच्या इतिहासात जनसमूहाचे नाव जितके ठळक होते, तितके व्यवस्थेचे नाव पुसट होत जाते.

या इतिहासाची एक मोठी उणीव शेवटी नमूद केली पाहिजे. त्याची साधने बहुतेक सरकारी आहेत. वैद्यांचे, वकिलांचे व बंदराधिकाऱ्यांचे शब्द आपल्यापुढे विपुल आहेत. दीड फुटांच्या पट्टीवर निजून तांबड्या समुद्राकडे गेलेल्या माणसाचा शब्द त्यांत फार थोडा आहे. दक्षिणेतील जुन्या मुसलमान कुटुंबांत हजच्या प्रवासाच्या आठवणी, पत्रे व वह्या अजून असतील. मराठी, उर्दू व दखनीतील ही साधने कालवश होण्यापूर्वी गोळा करणे हे पुण्यातील संशोधकांस सहज साधण्यासारखे काम आहे. ते झाल्याखेरीज या प्रकरणाचा निवाडा एकाच बाजूचे म्हणणे ऐकून दिलेला ठरेल.